एकच वेल लावला तर किवी धरते का? लंडनजवळची बाग आणि पुण्याची गच्ची

तुमचे प्रश्न तीन: एकट्या वेलाला फळं येणारी किवी खरंच असते का, लंडनजवळ घरामागे ती येईल का, आणि तेच रोप पुण्यात आईच्या गच्चीवर लावावं का.

असते. एरवी किवीचे नर आणि मादी वेल वेगळे. बाजारातली मोठी ‘हेवर्ड’ मादी, तिला जवळपास नर लागतोच. ‘जेनी’ या जातीला लागत नाही. आमच्याकडे लंडनला लागून असलेल्या सरे परगण्यात, दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर जेनीच आहे. फळ हेवर्डपेक्षा लहान, पण चवीला छान. फुलांत मध नसल्यामुळे मधमाश्या फारशा रेंगाळत नाहीत. म्हणून जूनमध्ये मी मऊ ब्रशने या फुलाचे पराग त्या फुलाला लावते. बिया जास्त धरल्या की फळही मोठं होतं.

रोप आणण्याआधी आधाराचं बघा. वेल नऊ मीटरपर्यंत पसरतो, बांबूच्या काठ्यांना तो ऐकणार नाही. भिंतीत हूक ठोकून फूट-दीड फुटावर जाड तारा ओढा. लहान रोपाला जाळीही लावा, कारण मांजरांना याच्या वासाचं भलतंच वेड. येऊन अंग घासतात, कोवळे शेंडे चावतात.

खरी मेख छाटणीत आहे. गेल्या वर्षीच्या काडीवर यंदा जी फूट येते, तिच्यावर फळ धरतं. सगळंच कापलंत तर नुसती पानं मिळतील. मोठी छाटणी डिसेंबर-जानेवारीत उरका. मार्चमध्ये कात्री लावली की कापातून पाणी टपटपत राहतं. उन्हाळ्यात शेवटच्या फळापुढे चार-पाच पानं ठेवून शेंडा खुडा. एप्रिल-मेमध्ये हिमाचा इशारा असेल तर रात्री फ्लीस (झाडावर टाकायचं हलकं कापड) टाका, नाहीतर कोवळी फूट काळी पडते. पहिल्या फळासाठी तीन-चार वर्षं धीर धरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फळं कडकच उतरवायची आणि केळ्याबरोबर पिशवीत ठेवून पिकवायची.

पुण्यात मात्र नको. नर लागत नाही म्हणजे थंडी लागत नाही असं नव्हे; किवीला हिवाळ्यात सात अंशांखालचे कितीतरी शे तास लागतात. बंगळुरूच्या लालबागेत १९६० साली लावलेली किवी फळली नाही. शिमल्यात १९६३ साली लावलेली १९६९ मध्ये फळली. ‘कुठेही येते’ म्हणून ऑनलाइन रोप विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. आईला गच्चीत मोठ्या कुंडीत अंजीर लावून द्या. पुरंदरची अंजिरं तिथून हाकेच्या अंतरावर पिकतात, हवेचा प्रश्नच नाही.