'तकरार काढणे': हिंदी की मराठी?

वडगावहून एका वाचकाचं पत्र आलंय. इंटरनेटवर जुन्या मैफलीच्या एका ध्वनिमुद्रणाखाली त्यांचं एका अनोळखी गृहस्थांशी पेटीवरून वाजलं. गृहस्थांचं म्हणणं असं, की हार्मोनियम परदेशी वाद्य, सप्तकात ठरलेल्या बारा पट्ट्या, मींड म्हणजे स्वरातून स्वरात घसरत जाणं निघत नाही, श्रुती म्हणजे स्वरांमधले बारकावे सापडत नाहीत, तेव्हा रागसंगीताच्या साथीला ती नकोच. वाचकानं बेळगावचे पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरे यांचं नाव काढलं, त्यांची साथ ऐका म्हणून सांगितलं. उलट उत्तर आलं ते पुन्हा परदेशी, पुन्हा बारा पट्ट्या, पुन्हा मींड. विषय इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर गेला, मोबाइलमधल्या तंबोऱ्याच्या ॲपवर गेला आणि फिरून पेटीवरच आला. शेवटी वैतागून वाचकानं लिहिलं, "उगंच तकरार काढालाय तुम्ही." त्यावर उत्तर: "मी कुणाकडे तक्रार केली? आणि 'तकरार' हा हिंदी शब्द आहे. आधी मराठी शिका."

वाचकाचे प्रश्न दोन. तकरार हिंदी आहे का? आणि अशा ऑनलाइन जुंपण्याला नेमकं म्हणायचं काय: वाद, हुज्जत, भांडण, की आपली तकरारच?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. तकरार जितका हिंदी तितकाच मराठी आणि तितकाच कानडी. मूळ अरबी, आपल्याकडे आला फारसीतून. 'प्यार'शी यमक जुळवायला हिंदी गाण्यांत तो फार वापरला गेला, म्हणून पुण्यामुंबईच्या कानाला तो हिंदी वाटतो. तसं वाटण्यात त्या माणसाचा दोष नाही. आजच्या प्रमाण मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणं, एवढाच अर्थ ठळक राहिला आहे. सोसायटीकडे तक्रार, पोलिसांत तक्रार, डॉक्टरांकडे गेल्यावर पोटाच्या तक्रारी. या वापरात वाढलेल्या माणसाला 'तकरार काढालाय' हे एक तर चुकीचं वाटणार, नाही तर परकं. पण 'आधी मराठी शिका' हे म्हणण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, कारण वाचकानं वापरलेला अर्थ मराठीत जुना आहे आणि अजून जिवंतही आहे.

पुरावा लांब शोधायला नको. उसनवारीच्या किंवा जामिनाच्या कागदात 'सदर रक्कम विनातक्रार परत करीन' असं लिहितात. इथं गाऱ्हाण्याचा संबंध काय? कुणाकडे गाऱ्हाणं न घालता पैसे परत करीन, असं कुणालाच म्हणायचं नसतं. हरकत न घेता, वाद न काढता देईन, हा त्याचा अर्थ. महसूल खात्यात चला. महाराष्ट्रात जमिनीच्या फेरफाराला कुणी हरकत घेतली, की ते प्रकरण गाव नमुना ६-अ मध्ये जातं. ही वादग्रस्त प्रकरणांची नोंदवही, पण चावडीवरच्या बोलण्यात तिच्यातली नोंद 'तक्रारी नोंद' आणि प्रकरण 'तक्रारी केस'. म्हणजे दोन बाजू आहेत आणि त्यांचं जमत नाही, एवढंच त्या शब्दात आहे. त्या गृहस्थांच्या गावच्या चावडीतही हाच अर्थ रोज चालत असणार.

आता आमच्या बाजूला, बेळगावच्या सीमाभागात या. कानडीत हा शब्द 'तकरारु'. हरकतीच्या अर्जाला कर्नाटकातल्या कचेरीत 'तकरारु अर्जी' म्हणतात. गाऱ्हाण्याला कानडीत वेगळे शब्द आहेत, 'दूरु' आणि 'फिर्यादि', त्यामुळे तकरारु या शब्दावर गाऱ्हाण्याचं ओझं कधी पडलंच नाही. तो वादापाशी आणि हरकतीपाशी राहिला. 'तंटे-तकरारु' ही तर कानडीतली नेहमीची जोडी, आपल्या तंटाबखेड्यासारखी. आणि 'तकरारु तेगे' म्हणजे शब्दशः तकरार काढ, हरकत घे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा मराठी माणूस 'तकरार काढणे' म्हणतो तेव्हा 'काढणे' या क्रियापदामागे हा कानडी 'तेगे' उभा आहे, असं मला वाटतं. प्रमाण मराठीत तक्रार 'करतात', 'देतात', 'नोंदवतात', पण काढत नाहीत. 'काढतात' ते भांडण, कुरापत, खुसपट. त्या रांगेत 'तकरार' मराठीच्या व्याकरणाला धरूनच बसते. कानडीचा शेजार आहे म्हणून वापर अशुद्ध, हा हिशेब मला मान्य नाही. हा मुलूख शतकानुशतकं आदिलशाहीपासून पेशवाईपर्यंत एकाच कारभाराखाली होता, आणि १९५६ पर्यंत मुंबई राज्यात. कचेरीतला शब्द दोन्ही भाषांनी एकाच टेबलावरून उचलला. पुण्यामुंबईकडं पुढं तो एका अर्थाकडे कलला, इथं दुसऱ्या अर्थाला धरून राहिला, इतकाच फरक.

उच्चाराचंही थोडं सांगतो. मराठीत शब्दामधला 'अ' गिळायची सवय आहे, त्यामुळे तकरारचा तक्रार सहज झाला आणि तसाच लिहिलाही जाऊ लागला. कानडी माणूस मधला स्वर गिळत नाही, तो त-क-रा-रु असं सुटं म्हणतो. सीमाभागात 'तकरार' टिकायला हेही कारण झालं असावं.

मुळातला अर्थ मात्र सगळ्यात सुंदर आहे. अरबीत 'तकरार' म्हणजे पुनरावृत्ती, तेच पुन्हा पुन्हा करणं. फारसीत आजही तोच अर्थ आहे. मुशायऱ्यात शेर आवडला की श्रोते 'मुकर्रर!' म्हणतात, पुन्हा एकदा म्हणा, तो शब्द याच धातूतला. (मराठीतलं 'तारीख मुक्रर करणे' मात्र वेगळं. ते करार, इकरार यांच्या घरातलं. त्यात अरबीतला 'क़' आहे, यात साधा 'क'. गाण्यांतून इकरार-तकरार जोडीनं येतात, पण त्यांचं मूळ एक नाही.) तेच तेच म्हणत राहण्यातून वाद, वादातून हरकत, हरकतीतून गाऱ्हाणं, अशी शब्दाची वाटचाल झाली असावी. वाचकानं वैतागून जो शब्द टाकला तो नेमका मुळाला जाऊन भिडला. पट्ट्या बारा, मींड नाही, वाद्य परदेशी, आणि परत पट्ट्या बारा. तकरार हीच.

पेटीचा हा वाद स्वतःच किती वेळा फिरून आलाय पाहा. आकाशवाणीनं १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती उठायला १९७१ उजाडलं आणि तीही अटी घालून. तेव्हाही मुद्दे हेच होते: पट्टी सुटी असल्यानं स्वरातून स्वरात घसरता येत नाही आणि श्रुतींचे बारकावे निसटतात. ते मुद्दे खोटे नाहीत. पण त्याच काळात बेळगावात रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) पेटी वाजवत होते, पिढ्यानपिढ्या विद्यार्थी घडवत होते आणि मोठमोठ्या गायकांना साथ करत होते. गायकाच्या मागं स्वर धरून ठेवणं, त्याची जागा ओळखून तेवढीच पट्टी दाबणं, भाता हलका ठेवून आवाज गायकाच्या खाली राखणं, यातून पेटीच्या मर्यादेला उत्तर कसं देता येतं ते त्यांच्या वाजवण्यात ऐकू येतं. या दोन्ही गोष्टी समोर ठेवून कुणी बोललं तर तो वाद. एक बाजू कानाआड करून पहिलीच पुन्हा म्हटली तर तकरार.

आता दुसरा प्रश्न. 'वाद' हा शब्द आपण फार स्वस्त केलाय. गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, वाद, जल्प आणि वितंडा असे बोलण्याचे तीन प्रकार वेगळे केले आहेत. खरं काय ते कळावं म्हणून दोघं प्रमाणं देत बोलतात तो वाद. जिंकणं हाच हेतू आणि त्यासाठी शब्दच्छल, खोटी उदाहरणं, समोरच्याला चुकीत पकडणं असं सगळं चालतं तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं मोडत जाणं ती वितंडा, जिच्यावरून आपला 'वितंडवाद' आला. तुमच्या गृहस्थांना विचारून पाहा: पेटी नको, मग साथीला काय हवं? सारंगी म्हणाले तर त्यांची बाजू आहे, वाद चालू शकतो. काहीच म्हणाले नाहीत आणि तुमच्या उत्तरातली पुढची चूक शोधू लागले, तर ती वितंडा. नव्या-जुन्या फोनवरून किंवा गाण्याच्या मूळ आणि रिमिक्स रूपावरून होणाऱ्या बहुतेक जुंपण्यांत दुसरा माणूस स्वतःची पसंती शेवटपर्यंत सांगतच नाही, एवढं मी पाहिलंय.

'मी कुणाकडे तक्रार केली?' या उत्तराचाही न्यायशास्त्रात ठरलेला मासला आहे: वाक्छल. बोलणाऱ्यानं एका अर्थानं वापरलेला शब्द दुसऱ्या अर्थानं घ्यायचा आणि त्यालाच खोडून काढायचं. न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यातलं उदाहरण प्रसिद्ध आहे. कुणी म्हणतो, 'हा मुलगा नवकंबल आहे', म्हणजे याच्या अंगावर नवं कांबळं आहे. छल करणारा 'नव' म्हणजे नऊ धरतो आणि म्हणतो, 'नऊ कुठली, याच्याकडे तर एकच आहे!' गृहस्थांनी हे समजून केलं असेल तर तो छल. खरंच दुसरा अर्थ माहीत नसेल तर तो नुसता गैरसमज, आणि मला वाटतं तो गैरसमजच असावा. अनोळखी माणसाशी लिहून बोलताना चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, म्हणून दोन्हींतला फरक ओळखणं अवघड जातं. त्यांना एकदा अर्थ सांगून पाहावा. त्यानंतरही 'नऊ कांबळी' चालू राहिली तर काय ते कळेल.

'हुज्जत' इथं पूर्ण बसत नाही. अरबीत हुज्जत म्हणजे पुरावा, युक्तिवाद. मराठीत येईपर्यंत पुरावा गळाला आणि नुसतं घोळत बसणं राहिलं. पण मराठी कानाला हुज्जतीत दोघं समोरासमोर लागतात आणि बहुधा काहीतरी देण्याघेण्याचा किंवा सोडण्या-न सोडण्याचा प्रश्न लागतो. कंडक्टरशी सुट्या पैशांवरून हुज्जत, फाटकावरच्या राखणदाराशी हुज्जत. पेटीत मींड निघते का, यावर हुज्जत घालता येत नाही असं नाही, पण शब्द तिथं थोडा सैल पडतो. 'कज्जा' कोर्टाच्या दारातला, तो सोडून द्यावा.

'भांडण' कधी म्हणावं, याला आपल्या भाषेत एक पक्की खूण आहे: एकेरीवर येणे. तुम्ही-तुमचं चाललंय तोवर वाद, जल्प, तकरार काहीही असो, पण 'तू कोण मला सांगणार' आलं की भांडण. कानडीतही नेमकं हेच आहे. 'नीवु' (तुम्ही) जाऊन 'नीनु' (तू) आलं की माणूस 'एकवचनात बोलला' म्हणतात, आणि त्यावरून पुढं 'जगळ', म्हणजे भांडण होतं. अनोळखी माणसाला आपल्याकडं 'ओ' घालून बोलावतात, 'काय ओ, कुठं निघालात?' म्हणून. दोन्ही भाषांत परक्याचा मान क्रियापदात ठेवलेला आहे, आणि इंटरनेटवर तो सगळ्यात आधी जातो. तुमच्या पत्रात तुम्ही शेवटपर्यंत 'काढालाय तुम्ही' असंच लिहिलंय, गृहस्थांनीही 'शिका' म्हटलंय, 'शीक' नाही. तेव्हा हे भांडण झालेलं नाही. जोडता येईल असा धागा अजून शिल्लक आहे.

त्यांना उत्तर द्यायचं असेल तर एवढं लिहा: 'तकरार म्हणजे आमच्याकडे तेच तेच म्हणत वाद वाढवणं. गाऱ्हाणं नव्हे. विनातक्रार या शब्दात तुमच्याकडेही हाच अर्थ आहे.' आणि मग साथीला काय हवं, तो प्रश्न विचारा.

लिहिण्याबद्दल जाता जाता. प्रमाण मराठी वाचकांसाठी लिहिताना वादाच्या अर्थी 'तकरार' आणि गाऱ्हाण्याच्या अर्थी 'तक्रार' असं ठेवलं तर गोंधळ कमी होईल. सोबत 'काढणे' हे क्रियापद असेल तर अर्थ आणखी स्पष्ट होतो. कानडीतला शेवटचा उकार मराठीत आणू नये. शब्द स्त्रीलिंगी, अनेकवचन तकरारी: 'दोघांची तकरार लागली', 'जुन्या तकरारी उकरू नका', 'तो तकरारीला उठला'. तकरार काढणाऱ्याला 'तकरारखोर' म्हणायला हरकत नाही, भांडखोर आणि तंटेखोर त्याच साच्यातले आहेत. कानडीतला 'जगळगंट' (भांडकुदळ) त्याहून खमंग आहे, पण तो एकेरीवर आल्याशिवाय तोंडात येत नाही, तेव्हा पेटीच्या वादात तो नको.