जीभ कुठे ठेवायची?

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ऑडिशन, व्हिसा, घरभाडं असं सगळं सविस्तर लिहिलंस आणि खरी गोष्ट पार शेवटी, जाता जाता: गावातल्या संगीतशाळेनं आठवड्याला आठ तास शिकवायला बोलावलंय, पण ‘आत्ताच मास्तरीण झाले तर गायिका म्हणून संपलेच ना?’

घे ते आठ तास. आत्ताच शिकव.

तुझा आवाज चांगला आहे, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. त्यावर शाई घालवत नाही. माझं सांगते. चोविसाव्या वर्षी इथे आले आणि सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत कुणाला एक सरगम शिकवली नाही. जर्मनीतल्या निरनिराळ्या चर्चमध्ये ऑल्टो, म्हणजे बायकांचा खालच्या पट्टीतला आवाज, गायले. ईस्टरआधी पॅशन (येशूच्या मरणाची गायलेली कथा), नोव्हेंबरात रेक्विएम (मृतांसाठीचं संगीत), डिसेंबरात ख्रिसमस ऑराटोरिओ (येशूजन्माची गायलेली कथा). मधे कुणाचा घसा बसला की सकाळी फोन, दुपारची ट्रेन, रात्री कार्यक्रम. असल्या सुट्या कामाला इथले कलावंत ‘मुगे’ म्हणतात. बावीस वर्षं मी ते मूग गिळले. कुणी विचारलं, शिकवता का, की मान ताठ करून म्हणायची, ‘नाही, मी गाते.’ काय तो तोरा!

मग फोन कमी झाले. पोटासाठी शिकवायला लागले. पहिल्याच महिन्यात चौदा वर्षांची एक मुलगी आली. खोलीत रेकॉर्डर नावाच्या बासऱ्यांचं कपाट, एक बेसूर पियानो. वरच्या पट्टीत गेली की तिचा तो जर्मन स्वर सुटायचा, ज्यात ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची असते. तू आणि मी तो घोकून शिकलो, तिचा जन्मजात. तरी वर गेला की सरळ ‘ई’. मी म्हटलं, ओठ धर. तिनं धरले. नाही जमलं. मग तिनं विचारलं, ‘जीभ कुठे ठेवायची?’

मला सांगता येईना. घरी जाऊन आरशासमोर तोंड उघडून तोच सूर लावला. माझी जीभ मागे गोळा होऊन घशावर बसली होती. बावीस वर्षं तिथेच बसत असणार. माझा आवाज ‘गडद’ आहे म्हणून कौतुक व्हायचं ना, त्यातला निम्मा गडदपणा त्या जिभेचा! पंचविशीत शिकवलं असतं तर पंचविशीत कळलं असतं. म्हणून म्हणते, आत्ताच शिकव.

गाणं शिकवणारा मानुएल गार्सिया तुला नावानं माहीत असेलच. त्याचा स्वतःचा आवाज तरुणपणीच बिघडला, म्हणून तो शिकवण्याकडे वळला. 1854 मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा आणि एक हातआरसा घेऊन, उन्हाची तिरीप पकडून, त्यानं स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली. शिकवणाऱ्याला स्वतःच्या घशात डोकावावंच लागतं. त्याचा शिष्य, गायक युलियुस श्टोकहाउझेन. शूबर्टची वीस गाण्यांची ‘म्युलरिन’ मालिका 1856 मध्ये व्हिएन्नात जाहीर कार्यक्रमात पहिल्यांदा सलग, पूर्ण गायली ती यानं. तोवर शूबर्ट जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. गुरू 101 वर्षं जगला, आणि शिष्य त्याच वर्षी, 1906 मध्ये, फ्रांकफुर्टला वारला.

तू लगेच म्हणशील, श्टोकहाउझेन फ्रांकफुर्टच्या संगीतविद्यालयात शिकवायला गेला तो 1878 मध्ये, बावन्नाव्या वर्षी. खरंय. पण 1863 पासून तो हांबुर्गमध्ये वाद्यवृंद आणि गायकवृंद चालवत होता. गायकवृंद घडवणं म्हणजे शिकवणं नाही तर काय? आणि ब्राम्सच्या जर्मन रेक्विएममधला बॅरिटोन (पुरुषाचा मधल्या पट्टीतला आवाज) 1868 मध्ये ब्रेमेनच्या कॅथेड्रलात त्यानंच गायला, त्या सगळ्यानंतर.

जुनी माणसं नको असतील तर आपल्या काळातला गायक टोमास क्वास्टहोफ घे. पियानो वाजवणं त्याच्या हातांना शक्य नव्हतं, म्हणून संगीत महाविद्यालयानं प्रवेश नाकारला. त्याला खासगीत शिकवलं शार्लोट लेमान या सोप्रानोनं, म्हणजे वरच्या पट्टीतल्या गायिकेनं. (ऑपेरातली सुप्रसिद्ध लोटे लेमान वेगळी. दोघींची गल्लत करून मी एकदा भर जेवणात हसं करून घेतलंय.) 1988 मध्ये म्युनिकची एआरडी ही संगीतस्पर्धा त्यानं जिंकली. 1996 मध्ये तो डेटमोल्डला प्राध्यापक झाला, आणि मंचावरून उतरला 2012 मध्ये. मधली सोळा वर्षं मोज. संपला होता का तो?

आता तुला वाटेल, बाईंना कुणी बोलवत नाही, म्हणून शिकवण्याचे गोडवे चाललेत. थोडं तसंही असेल. मागच्या गुड फ्रायडेला एका खेड्यातल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून माझीच एक विद्यार्थिनी ऐकली. पहिल्या ओळीला पोटात कालवलं. दुसऱ्या ओळीला मात्र मी तिची जीभ ऐकत होते. जागेवर होती. माझी त्या सुरावर कधीच नसायची. हे मी समाधान म्हणून सांगत नाहीये. आणि सांगत असले, तर असू दे!

‘आधी नाव होऊ दे, मग शिकवेन’ हे वाक्य पुन्हा लिहू नकोस. मला राग येतो. माझंच वाक्य आहे ते. लहान मुलं घे, मोठ्यांच्या वाटेला आत्ता जाऊ नकोस. मोठी माणसं भिडेखातर समजल्यासारखी मान हलवतात.

आणि सोमवारी सही करण्याआधी दोन गोष्टी विचार. शाळेच्या सुट्ट्यांमध्ये मानधन मिळतं का, आणि पॅशनच्या आठवड्यात तास पुढे ढकलता येतील का. पहिली मी विचारली नव्हती. पहिल्या उन्हाळ्यात सहा आठवडे एक पैसा आला नाही, आणि शाळेचं म्हणणं, करारात लिहिलंय की. लिहिलं होतं, तिसऱ्या पानावर. तुझा करार फोटो काढून पाठव, मी वाचते.

तुझी,
मावशी