भीती एका गोळीची, सवय दुसरीची

"डोक्याच्या गोळ्या एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत म्हणे. खरं का?"

साठीच्या एका काकूंनी हे विचारलं. सततची काळजी, छातीत धडधड, झोपेचं खोबरं. मानसोपचारतज्ज्ञांनी एसिटालोप्राम लिहून दिलं होतं, पण पाकीट फोडलंच नव्हतं.

"सध्या दुसरं काही घेता?"

"छे! झोपेची छोटी गोळी तेवढी. हे गेले तेव्हा डॉक्टरांनी आठवड्यासाठी दिली होती. हल्ली एकीने भागत नाही, दोन लागतात."

छोटी गोळी म्हणजे अल्प्राझोलाम. कायद्याने ती चिठ्ठीशिवाय मिळायला नको. काकूंना ओळखीच्या दुकानात मिळत होती.

मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. ते आपल्या ग्राहीवर, म्हणजे पेशीवरच्या ते पकडणाऱ्या प्रथिनावर, बसलं की पेशीत क्लोराइड शिरतं आणि पेशी शांत होते. अल्प्राझोलाम त्याच ग्राहीवर, पण वेगळ्या जागी बसतं आणि गाबाचा जोर वाढवतं. म्हणून तासाभरात गुण. मात्र रोज घेत राहिलं की ग्राही पहिल्यासारखी दाद देत नाहीत, मग एकीच्या दोन होतात. एकदम बंद केली तर मेंदू उसळतो: जागरण, थरथर, कधी फिटसुद्धा.

एसिटालोप्राम ग्राहीवर बसतच नाही. सेरोटोनिन हे मेंदूतलं दुसरं रसायन; पेशींमधल्या फटीत आलेलं ते परत ओढून घेणारा पंप ही गोळी अडवते. सेरोटोनिन काही तासांत वाढतं, पण ग्राही त्याला हळूहळू जुळवून घेतात. त्यामुळे फरक जाणवायला दोन ते सहा आठवडे जातात. सुरुवातीला मळमळ होते, कधी बेचैनी थोडी वाढतेही, आणि नेमकी तिथेच माणसं गोळी सोडतात. तल्लफ येत नाही, डोस आपोआप चढत नाही. तरी अचानक थांबवली तर चक्कर, डोक्यात झिणझिण्या येतात. म्हणून तीही डॉक्टरांना विचारून, उतरवतच सोडायची.

काकू ऐकून चिडल्या. "म्हणजे सवय लागलीच आहे की मला!" मला त्यांचा राग रास्त वाटला.

"मग आजपासून ती बंदच करते." हे मात्र मी करू दिलं नाही; त्याच दिवशी त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला. नवी गोळी त्यांनी लगेच सुरू केली, जुनी अनेक महिन्यांत थोडी थोडी उतरवायची ठरवली. डोस कमी झाला की दोन-तीन रात्री वाईट जातात. त्या रात्रींसाठी आम्ही श्वासाचे व्यायाम बसवले, आणि दुपारची झोप बंद केली. त्यावरून काकू अजून भांडतात.