एरंडेलापासून बायोडिझेल बनवून थेट डिझेल इंजिनात वापरता येईल का?

बनवता येतं, पण नुसतं तेच टाकीत भरू नका.

बनवणं तसं सोपं आहे. तेलाची मिथेनॉल या अल्कोहोलशी अभिक्रिया करून बायोडिझेल बनतं. एरंडेल मिथेनॉलमध्ये साध्या तापमानालाही विरघळतं, बाकीची खाद्यतेलं विरघळत नाहीत. त्यामुळे कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश घालून अभिक्रिया फार न तापवताही होते. मात्र सोबत तयार होणारं ग्लिसरीन खाली बसायला वेळ घेतं, तिथे घाई केली की सगळं बिघडतं.

खरी अडचण घट्टपणाची. एरंडेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक हे मेदाम्ल असतं आणि त्याच्या कार्बन साखळीवरचा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) रेणूंना एकमेकांना धरून ठेवतो. म्हणून बायोडिझेल झाल्यावरही ४० अंशाला त्याची श्यानता, म्हणजे घट्टपणा, १३ ते १५ सेंटिस्टोक्स (श्यानतेचं एकक) राहते. युरोपीय मानकाची मर्यादा ३.५ ते ५ आहे! इतकं घट्ट इंधन इंजेक्टरमधून नीट फवारलं जात नाही. डिझेलमध्ये थोड्या प्रमाणात मिसळलं तर चालतं, उलट वंगणाचा फायदा मिळतो.

ब्राझीलने २००४ च्या बायोडिझेल कार्यक्रमात ईशान्येकडच्या कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी एरंडावरच आशा ठेवली होती. प्रत्यक्षात बायोडिझेल बनलं मुख्यतः सोयाबीनपासून, कारण वंगण आणि रसायन उद्योग एरंडेलाला जास्त भाव देतात. माझ्या मते आपल्याकडेही हेच गणित आहे: एरंडेल जाळण्यापेक्षा विकावं.

आणि घाण्यावरची पेंड गुरांना अजिबात घालू नका, तिच्यात रिसिन हे जहाल विष असतं. खत म्हणून ती उत्तम.