अंगणातल्या कासवाचा हिवाळा

प्रश्न : आम्ही टेक्सासमधील ऑस्टिन येथे राहतो. आमचे सल्काटा जातीचे कासव आता वीस किलोंचे झाल्याने अंगणातच असते. थंडीत त्याला शीतनिद्रा घेऊ द्यावी, असे शेजारी सुचवतात. ते योग्य आहे का?

उत्तर : मुळीच नाही. सल्काटा हे सहाराच्या दक्षिण सीमेवरील उष्ण प्रदेशातले कासव असून भूमध्य सागराकाठच्या कासवांप्रमाणे ते शीतनिद्रा घेत नाही. गारठ्याने ते निपचित पडले, तर ती झोप समजू नये. प्लायवूडच्या दोन थरांमध्ये फोमचे तक्ते भरून, त्याला आत वळता येईल एवढीच पेटी करावी, दाराला जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावावा आणि थर्मोस्टॅट जोडलेल्या, जाळीने झाकलेल्या, आत तेल भरलेल्या विजेच्या हीटरने आतले तापमान सुमारे २७ अंश सेल्सिअस राखावे. उष्णतेचा बल्ब मात्र टाळावा, कारण मोठ्या कासवाची पाठ त्याच्या फार जवळ येऊन कवच भाजते. शिवाय खाली वाळके गवत असते, ते पेटू शकते. ओल आणि थंडी एकत्र आली की न्यूमोनियाचा धोका वाढतो, म्हणून जमीन कोरडी हवी. संध्याकाळी ते आत गेले का, हे टॉर्च घेऊन स्वतः पाहावे. कुंपणाच्या कोपऱ्यात तोंड खुपसून तिथेच रात्र काढण्याचा हट्टीपणा ही कासवे सहज करतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधल्या हिमवादळात गेलेली वीज आपण विसरला नसालच, तेव्हा त्याला घरात आणण्यासाठी एक ढकलगाडी हाताशी असू द्यावी.