आईच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये ‘वयानुसार बदल’ आलेत. म्हणजे अल्झायमर नाही असं समजायचं का?

तसं समजू नका, आणि घाबरूही नका. पुण्यात एका सेंटरवर मी सोळा वर्षं एमआरआय टेक्निशियन आहे. निदान न्यूरोलॉजिस्टच करतील, पण तुमच्या आईंसारखी माणसं रोज मशीनमध्ये मीच झोपवतो, म्हणून लिहितोय.

तुम्ही लिहिलंय की आई ७२ वर्षांच्या आहेत, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात, गॅस चालू राहतो, आणि रिपोर्टात ‘एज रिलेटेड ॲट्रॉफी’ (वयामुळे मेंदू आकसणं) एवढंच आहे. वय झालं की मेंदू थोडा आकसतोच. एमआरआयमध्ये मेंदूची ठेवण दिसते, स्मरणशक्ती दिसत नाही. विसराळूपणासाठी तो काढतात तेव्हा आधी दुसरं काही नाही ना, हे बघायचं असतं: पडल्यानंतर हळूहळू साचलेलं रक्त, गाठ, पाण्याने फुगलेल्या पोकळ्या. यातलं काही नाही, हे कळलं हेही थोडं नाही.

आता हिप्पोकॅम्पस. मेंदूत दोन्ही बाजूंना, कानांच्या पातळीवर आत असलेला हा छोटा भाग नव्या आठवणी रुजवतो. निरोगी म्हातारपणी तो वर्षाला साधारण दीड टक्का घटतो, अल्झायमरमध्ये चार-साडेचार टक्के. एवढा फरक एका फोटोवरून कोण सांगणार? त्यासाठी जुना स्कॅन शेजारी लागतो. शिवाय चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ असेल तर आम्ही नेहमीचे जाड काप घेतो. ‘डिमेन्शिया प्रोटोकॉल’ (स्मृतिभ्रंशासाठीची खास पद्धत) लिहिलं असेल तर हिप्पोकॅम्पसला काटकोनात पातळ काप घेतो. तुमचा कोणता झालाय, ते विचारा.

कोथरूडच्या एक आजी आल्या होत्या. मंगळसूत्र, पिना, कवळी, श्रवणयंत्र, सगळं काढून आत घेतलं. मशीन ठकठकायला लागलं तशी त्यांनी मोठ्याने अथर्वशीर्ष सुरू केलं. जबडा हलला, फोटो धूसर. दोनदा असंच झालं. तिसऱ्यांदा सुनेला आत पायाशी बसवलं, तिने घोट्यावर हात ठेवला, तेव्हा त्या शांत पडून राहिल्या. बाहेर आल्यावर पाच मिनिटांत “माझी पर्स कुठंय?” हे त्यांनी चार वेळा विचारलं. आणि मुलगा मला सांगत होता, “तिला सगळं पाठ आहे हो, कसला विसर!” जुनं पाठांतर बराच काळ टिकतं, आधी जातं ते सकाळचं. घरचे इथेच फसतात, आणि दोन वर्षं निघून जातात.

पेट स्कॅन हा वेगळा स्कॅन, त्यात अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन, जिवंत माणसाच्या मेंदूत दिसतं. १९०६ मध्ये डॉ. अल्झायमर यांना ते रुग्ण गेल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागलं होतं. पण स्मरणशक्ती उत्तम असलेल्या कितीतरी वयस्कांच्या मेंदूतही ते सापडतं, त्यामुळे नुसत्या तेवढ्यावरही सहसा निदान करत नाहीत.

म्हणून न्यूरोलॉजिस्टकडे स्मरणशक्तीची तोंडी चाचणी करून घ्या, बी-१२ आणि थायरॉइड तपासा. आई आधी काय सहज करायच्या आणि आता कुठे अडतात, ते तारखेनिशी लिहून न्या. नुसत्या रिपोर्टाच्या कागदावर भागवू नका, स्कॅनच्या फोटोंची सीडी जपून ठेवा. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशीनवर करा आणि ही सीडी सोबत आणा. आईंना श्रवणयंत्र असेल तर ते मशीनच्या खोलीच्या दारापर्यंत कानातच राहू द्या, म्हणजे आम्ही काय सांगतोय ते त्यांना ऐकू येईल.