बाळ ज्याच्या हातात, सल्ला त्याच्या कानात

सांगली

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले आणि लगेच उत्तर लिहायला बसलो, कारण त्यातील शेवटचे वाक्य मला अजिबात आवडले नाही. आयांना सांगून काही उपयोग होत नाही, तेव्हा यापुढे लस द्यावी, वजन नोंदवावे आणि पुढच्या बाळाला घ्यावे असे वाटते, असे तू लिहिले आहेस. जत तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी किती गर्दी असते याची मला कल्पना आहे. तुझ्या थकव्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यातून तू काढलेल्या निष्कर्षाबद्दल.

ज्या मुलीविषयी तू लिहिले आहेस, तिची हकीकत पुन्हा एकदा शांतपणे पाहू. अडीच महिन्यांच्या डोसाला तिचे वजन ठीक होते. साडेतीन महिन्यांच्या डोसाला आलेखावरची रेषा जवळजवळ आडवी झाली होती. सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे, पाणीसुद्धा नको, हे तू दोन्ही वेळा सांगितलेस आणि आईने मान डोलावली. नंतर आशाताईंकडून कळले की आई द्राक्षबागेत विरळणीच्या कामाला जाते, मुलगी दिवसभर आजीजवळ असते आणि आजी तिला अर्धे पाणी घातलेले गाईचे दूध बाटलीने पाजते. यावर तू लिहितेस, ‘आई माझ्याशी खोटे बोलली.’ ती खोटे बोललेली नाही. तू विचारलेस, ‘अंगावर पाजतेस ना?’ ती पाजते. पहाटे पाजते आणि रात्री पाजते. मधल्या दहा तासांबद्दल तू विचारलेच नाहीस, आणि त्या दहा तासांत जिच्या हातात मूल होते ती बाई तुझ्या खोलीत कधी आलीच नव्हती. तुझा सल्ला वाया गेला नाही. तो चुकीच्या पत्त्यावर गेला.

मी आयुष्यभर एकच गोष्ट सांगत आलो आणि तुलाही तीच सांगणार आहे: बाळ ज्याच्या हातात, सल्ला त्याच्या कानात. तू इंटर्न असताना हे वाक्य माझ्या तोंडून ऐकले असशील आणि म्हाताऱ्याची लकब म्हणून सोडून दिले असशील. आता सोडू नकोस.

त्या मुलीसाठी आजीला बोलावून घे. ती कन्नड बोलणारी असेल तर कन्नड येणाऱ्या आशाताईंना शेजारी बसव. पातळ केलेल्या दुधाने पोट भरते, पण अंग धरत नाही, हे तिला आलेखावर बोट ठेवून दाखव. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही रेषा वर गेली की आडवी झाली हे कळते. आईने कामावर जाण्यापूर्वी हाताने काढून स्वच्छ, झाकलेल्या स्टीलच्या भांड्यात ठेवलेले दूध खोलीच्या तापमानाला साधारण चार तास चालते, ते वाटी-चमच्याने पाजता येते आणि बाग जवळ असेल तर दुपारी मुलीला बागेत नेता येते. हे सगळे आजीच्या हातून व्हायचे आहे, म्हणून ते आजीला सांगायचे. आणि एवढ्यावर समाधान मानू नकोस. वजन अडण्याचे कारण दर वेळी दूधच असते असे नाही. हृदयाचे ठोके नीट ऐक, लघवी तपास आणि आठवड्याने त्याच काट्यावर, कपडे काढून, पुन्हा वजन कर. साधारण पाच महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट हा ढोबळ आडाखा आहे; पण निर्णय आलेखावर करायचा असतो, आडाख्यावर नव्हे.

आता तुझ्या त्या छापील कागदाबद्दल. चौदा मुद्दे, सुबक अक्षर, शेवटी तुझी सही. आईच्या हातात कागद दिला म्हणजे सल्ला दिला, ही समजूत सोयीची आहे आणि म्हणूनच ती घातक आहे. त्याऐवजी तपासणीची सुरुवात एका प्रश्नाने कर: ‘बाळाला आंघोळ कोण घालतं?’ हा प्रश्न कोणालाही टोचत नाही आणि त्याच्या उत्तरात घर उलगडते. आंघोळ घालणारी आजी असेल, काकू असेल किंवा गावातली मालीश करणारी बाई असेल. तिच्या हाताखालून बाळ रोज जाते, तुझ्या हाताखालून ते वर्षभरात मोजक्या वेळा जाते. ती कानात आणि नाकात तेल सोडते का, नवजात बाळाची सुजलेली छाती पिळते का, आंघोळीनंतर धुरी देते का, बेंबीला हळद लावते का (आमच्या सांगलीत हळद बाजारात ढिगाने असते, बेंबीला ती चिमूटभरही लागत नाही), हे सारे त्या एका प्रश्नामागून ओळीने येते. मालीश करू नका असे सांगू नकोस. बाहेरून हलक्या हाताने केलेल्या मालीशीला हरकत नाही, आणि ज्या बाईचे सगळेच तू नाकारशील ती तुझे काहीच स्वीकारणार नाही. मात्र नाकातले तेल फुप्फुसात उतरू शकते, धुराने बाळाची श्वासनलिका दुखावते आणि पाणी कढत असेल तर कातडी भाजायला क्षण पुरतो. आधी थंड पाणी, मग गरम, आणि नंतर स्वतःचे कोपर बुडवून पाहणे, हे तिलाच करून दाखवायला लाव.

‘समजलं का?’ असे विचारू नकोस. त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. ‘घरी गेल्यावर काय करणार, ते मला सांगा,’ असे म्हण आणि गप्प राहा.

गुटीबद्दल तू मला डिवचले आहेस, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी गुटीबाबत मवाळ होतो, अशी माझ्या सहकाऱ्यांची तक्रार होती आणि ती तुझ्यापर्यंत पोहोचलेली दिसते. मी मवाळ नव्हतो. सहा महिन्यांपर्यंत गुटीसुद्धा नको, असेच मी सांगत आलो. फक्त आजीला अडाणी म्हणून सांगत नव्हतो. मी आधी तिला सहाण घेऊन यायला सांगत असे. वेखंडाचे किती वेढे, जायफळाचे किती, मुरडशेंग कशासाठी, हे ती अभिमानाने सांगे. मग सहाणेच्या खाचांत साचलेले कालचे अवशेष मी तिला तिच्याच नखाने खरवडायला लावत असे. जायफळाने बाळ शांत होत नाही, गुंगते, हे त्यानंतर ती ऐकून घेई. मधाच्या बाबतीत मात्र मी कधीही वाटाघाट केली नाही आणि तूही करू नकोस. मधात बॉट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. बोटभर चाटण असो किंवा बारशाचा मान असो, वर्षापर्यंत मध नाही. काजळाचेही तसेच. बाजारातल्या काही काजळांत शिसे असते. घरी धरलेले असले तरी बोट डोळ्यात जातेच. तीट तळपायाला लावा, एवढी सवलत मी देत असे, आणि दृष्ट तिथूनही टळते यावर आज्यांचे एकमत होत असे.

माझ्या तपासणीच्या खोलीबाहेर ‘रुग्णासोबत एकच व्यक्ती’ अशी पाटी होती आणि ती मी पाळली नाही. आईबरोबर आजी, आजीबरोबर थोरली जाऊ, अशी माझी खोली भरलेली असे. बाजार भरवतो म्हणून माझी चेष्टा झाली, रांग हलत नाही म्हणून काही लोक दुसरीकडे गेले. त्याचे मला वाईट वाटले नाही, असे लिहिले तर ते खरे होणार नाही. पण पाटीप्रमाणे आजी बाहेरच्या बाकावर बसली असती, आईने घरी जाऊन माझे शब्द सासूला ऐकवले असते, आणि सून सासूला शिकवते या एका कारणाने ते तिथेच संपले असते. तिला तोंडघशी पाडायचे नसेल, तर ते शब्द तू उच्चारले पाहिजेस, सासूकडे पाहून, मानाने. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरात नेली. 1999 मध्ये त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या गावांतले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटलेले होते. आज तुझ्या आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जातात, त्याचे मूळ तिथे आहे. त्यांना केवळ आकडे विचारू नकोस. बाळ कोणाच्या मांडीवर होते, ते विचार.

प्रत्येक धोक्याला घरातले एक माणूस जोडलेले असते, हे मला फार उशिरा नीट मांडता आले. सातव्या-आठव्या महिन्यात बाळ बसू लागले की आजोबा त्याच्या तळहातावर शेंगदाणा ठेवतात. तासगावच्या बाजूला असाल तर बेदाणा किंवा अख्खे द्राक्ष ठेवतात. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा काढण्यासाठी मिरजेला धावावे लागते आणि दर वेळी तिथवर पोहोचायला वेळ मिळतोच असे नाही. हे आईला सांगून उपयोग नाही. आजोबांना बोलाव आणि दाणे कुटून, कूट भरवा असे सांग. वर्षाच्या वाढदिवसाला पांगुळगाडा मामा आणतो. चाकांच्या प्लॅस्टिकच्या वॉकरने चालणे लवकर येत नाही, उलट पायरीवरून आणि चुलीकडे जाण्याचा वेग येतो. कॅनडाने 2004 मध्ये त्यावर बंदीच घातली. मामा डोसाला येत नाही, पण त्याला फोन करता येतो. लस दिल्यावर ताप आला तर रात्री उठून औषध कोण देते, हे विचार आणि बाटली त्याच व्यक्तीच्या हातात दे, कारण पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असतात आणि साध्या सिरपमध्ये 25. थेंबांची बाटली चमच्याने दिली तर मात्रा चौपट होते.

वाढीचे टप्पे विचारतानाही तेच. दीड-दोन महिन्यांत ओळखून हसणे, चौथ्या महिन्यापर्यंत मान सावरणे, आठ-नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसणे, हे तू तपासशीलच. पण हाक मारल्यावर बाळ वळते की नाही, हे माझ्या अनुभवात सर्वांत खात्रीने सांगते ती पाच-सहा वर्षांची थोरली बहीण, कारण दिवसभर तीच त्याच्याशी बोलत असते. तिला खुर्चीवर बसवून विचार. उष्टावणाचा प्रश्नही असाच घरच्या मोठ्यांच्या हातातला: मुलीचे पाचव्या किंवा सातव्या महिन्यात करतात, म्हणून कुठे घाई होते, कुठे एक महिना वाया जातो. विधी त्यांच्या महिन्याला होऊ दे, एका शितापुरता. जेवण सहा महिने पूर्ण होताच सुरू व्हायला हवे आणि त्याच वेळी लोहाचे औषध, आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर. ते घरात कोण लक्षात ठेवणार, त्याचे नाव तिथेच ठरवून घे.

खंत विचारशील तर ती वडिलांची आहे. ते मोटारसायकल सुरू ठेवून बाहेर थांबायचे आणि त्यांना आत आणणे मला फारसे जमले नाही. बागेवर फवारायचे औषध शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून पडवीत ठेवणारा हात त्यांचाच असतो, आणि रांगणारे मूल बाटली ओळखते, औषध ओळखत नाही. तू तरुण आहेस, तुझ्याशी ते कदाचित बोलतील. इंजिन बंद करायला लाव आणि मुलाला वजनकाट्यावर त्यांनाच ठेवू दे.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. पहिलटकरीण माहेरी बाळंत होते, साडेतीन महिन्यांपर्यंतचे डोस तुझ्याकडे घेते आणि मग सासरी निघून जाते. नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस आणि ‘अ’ जीवनसत्त्वाची पहिली मात्रा दुसऱ्याच गावात व्हायची असते. तुझ्या सगळ्या आज्या तिथे बदलतात. म्हणून साडेतीन महिन्यांच्या भेटीतच सासरच्या गावाच्या आशाताईंचा नंबर माता-बाल कार्डावर लिहून घे, आणि बाईच्या समोरच सासूबाईंना फोन लाव.

तुझा,
डॉक्टर काका